ताईने गिळलेला कॅमेरा

माझ्या थोरल्या बहिणीचं लोक कौतुक करायला लागले की माझं डोकं फिरतं. "तुमच्या ताईंनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली हो!" शिकवली. मी कुठे नाही म्हणते? "काय धीराची बाई!" आहे धीराची. भर चौकात गाडी बंद पडलेली, शिकणारा घामाघूम झालेला, मागून ट्रकवाला हॉर्न मारून कान किटवतोय, आणि ही शेजारच्या सीटवरून शांतपणे म्हणते, "क्लच दाबा. पहिला टाका. ट्रकला थांबू दे, त्याचं काही दूध उतू जात नाहीये." सगळं खरं आहे. पण याच बाईने स्वतःच्या पोटाच्या बाबतीत जो अडाणीपणा केला, तो कोणी सांगत नाही. तोंडावर सांगायची कोणाची छाती नाही म्हणून सांगत नाही. माझी आहे. मी तिची सख्खी बहीण आहे आणि तिच्या ड्रायव्हिंग स्कूलचं ऑफिस मीच सांभाळते.

ऑफिस म्हणजे रस्त्यालगतची एक खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर उन्हाने फिका पडलेला वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, आणि दारात पांढरी गाडी. त्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक ताईच्या. मी फोन घेते, वेळा ठरवते, रडत परत आलेल्यांना पाणी देते. रडत बरेच येतात. ताईची जीभ तशी आहे.

माणूस कसा आहे हे ताई त्याच्या गाडी चालवण्यावरून ठरवते. हा तिचा छंद नाही, श्रद्धा आहे. मला एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, मला आवडलाही होता. ताईने त्याला गाडीत घालून एक चक्कर मारून आणली आणि खाली उतरता उतरता जाहीर केलं, "ओव्हरटेक करताना आरशात बघत नाही. हा बायकोकडे काय बघणार?" झालं, स्थळ बारगळलं. मी आजही बिनलग्नाची आहे आणि त्याचा राग वेगळा आहे, तो इथे काढत नाही. भाऊजींना तिने पसंत केलं ते का, तर ते म्हणाले, "मला गाडी येत नाही, शिकायचीही नाही, मी मागे बसतो." ते चष्म्याच्या दुकानात काचा घासतात आणि अजूनही मागेच बसतात.

शिकणाऱ्यांना ती नावं ठेवते. एक बाई होत्या, त्यांचं नाव 'डावं-उजवं'. एक निवृत्त मास्तर होते, त्यांचं नाव 'आधी तुम्ही', कारण ते चौकात सगळ्यांना जाऊ देत आणि स्वतः तिथेच राहत. आणि एक तरुण डॉक्टर होता, त्याचं नाव 'गचका'. क्लच सोडताना गाडीला असा हिसका द्यायचा की ताईचा चष्मा नाकावरून खाली यायचा. परीक्षेत सारखा नापास व्हायचा. ताईने त्याचा एवढा उद्धार केला असेल की दुसऱ्या कोणी शिकायचंच सोडून दिलं असतं. पण तो चिकट निघाला. पास झाला, पेढे घेऊन आला, ताईच्या पाया पडला. पुढे तो पोटाचा डॉक्टर झाला आणि गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात आतड्याच्या तपासण्या करू लागला. लोक त्याचं नाव आदराने घ्यायचे. आमच्या घरात मात्र तो गचकाच राहिला.

मग ताईला दम लागायला लागला. ऑफिसच्या तीन पायऱ्या चढून ती टेबलाला धरून उभी राहायची. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन पार तळाला. शौचाची तपासणी केली तर डोळ्यांना न दिसणारं रक्त जातंय असं निघालं. नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोठं आतडं आतून बघायला हवं, कोलोनोस्कोपी करून घ्या. खालच्या बाजूने नळी घालतात, तिच्या टोकाला कॅमेरा असतो, झोपेचं औषध देतात, कळतही नाही. आणि गावात ती करणारा एकच भरवशाचा माणूस होता.

"गचका?" ताई खुर्चीतून उठलीच. "ज्याला उतारावर गाडी धरता येत नव्हती, तो माझ्या पोटात नळी घालणार? तीही मला झोपवून?"

"अगं, गाडी वेगळी, आतडं वेगळं," मी म्हटलं.

"हात तेच ना!"

भाऊजी म्हणाले, "अगं, एवढे लोक त्याच्याकडून करून घेतात."

"त्या लोकांनी त्याला वळण घेताना पाहिलेलं नाही. मी पाहिलंय."

या वाक्यावर आम्ही हसलो. तेव्हा हसलो, हे आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

त्याच सुमारास बाजारपेठेत एक तपासणी सेंटर उघडलं होतं. काचेचं दार, गार हवा, भिंतीवर हसणाऱ्या बाईचं मोठं चित्र, आणि खाली लिहिलेलं: नळी नाही, भूल नाही, दुखणं नाही. मोठ्या गोळीएवढी एक कॅप्सूल गिळायची. तिच्यात कॅमेरा. ती आतड्यातून आपोआप पुढे सरकते, फोटो काढत जाते, आणि पोटावर बांधलेल्या पट्ट्यातलं यंत्र ते फोटो साठवतं. शेवटी कॅप्सूल शौचावाटे निघून जाते. ताईचे डोळेच चमकले. कोणाचा हात नाही, झोप नाही, आपण जागे. काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "मॅडम, एकदम आरामात. घरातल्या घरात हिंडाफिरा." ताईने विचारलं, "यात आणि नळीत फरक काय?" मुलगी म्हणाली, "यात त्रास नाही ना!" बस. एवढाच फरक तिला माहीत होता, किंवा एवढाच सांगायचा असं तिला शिकवलेलं होतं. मला त्या मुलीचा राग नाही. शिकवणाऱ्यांचा आहे.

आतडं साफ करणारं औषध दोन्हीकडे प्यावंच लागतं, हे हसणाऱ्या बाईच्या चित्राखाली लिहिलेलं नव्हतं. ताईने ते नाक दाबून प्यायलं. सकाळी कॅप्सूल गिळली, पट्टा बांधला, घरी आली. मी ऑफिसात होते, गाडी त्या दिवशी घरीच तिच्यापाशी होती. संध्याकाळी भाऊजींनी सांगितलं की कॅप्सूल बाहेर पडली, सगळं सुरळीत झालं. काही दिवसांनी ताई एकटीच सेंटरवर जाऊन आली आणि हात झटकून म्हणाली, "काही नाही. स्वच्छ आहे. मूळव्याधीचं रक्त असेल." तिने लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. मी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला, एवढी मी खूश होते.

पुढचं वर्ष असंच गेलं. गोळ्यांनी तिला जरा बरं वाटायचं, पुन्हा दम लागायचा. कपडे ढगळ व्हायला लागले. मी म्हटलं, "ताई, पुन्हा दाखव," की ती म्हणायची, "एकदा कॅमेऱ्याने बघितलंय ना? कॅमेरा खोटं बोलतो का?" मी कॅमेऱ्यावर विश्वास ठेवला.

मग एका दुपारी गाडी परत आली ती पहिल्या गिअरमध्ये, गुरगुरत, माणूस चालेल इतक्या हळू. स्टिअरिंगवर एक कॉलेजातली मुलगी होती, पांढरीफटक पडलेली. शेजारी ताई मान टाकून. सिग्नलला तिला घेरी आली होती. पोरीचा तो दुसराच आठवडा. दुसरा गिअर टाकायची तिची हिंमत झाली नाही, म्हणून अख्खा रस्ता तिने तशीच गाडी आणली. ताई डोळे उघडून पहिलं काय म्हणाली असेल? "इंडिकेटर बंद कर."

आम्ही तिला सरळ मोठ्या हॉस्पिटलात नेलं. गचका धावत आला. त्याने बाटली लावली, रक्त चढवलं, आणि ताई बसती झाल्यावर खुर्ची ओढून समोर बसला. "मॅडम, मागच्या वर्षी तुम्ही कॅप्सूल केलीत ना? काय सांगितलं त्यांनी?"

"स्वच्छ आहे म्हणाले," मी म्हटलं.

ताईने मान वळवली. ती खिडकीकडे बघत होती. ताई आणि गप्प! गचक्याने आमच्यासमोरच सेंटरच्या डॉक्टरांना फोन लावला. 'हं, हं' करत ऐकत राहिला. फोन ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक छोटा पॉलिप दिसला होता, म्हणजे आतल्या भिंतीवर मांसाचा कोंब येतो तो. आणि शेवटच्या भागाचे फोटोच आले नव्हते. दोन्हींसाठी नळी घालून बघा, असं म्हणाले होते."

"फोटो का नाही आले?" मी विचारलं.

"तेवढा वेळ पट्टा अंगावर नव्हता, असं त्यांना वाटतं."

मी ताईकडे बघितलं. भाऊजींनी बघितलं. ताई चिडून म्हणाली, "त्या मास्तरांची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. घरूनच गाडी काढून एकच फेरी मारली. पट्ट्यावरून सीटबेल्ट नीट बसेना. मग काय सीटबेल्ट न लावता बसू? शिकणाऱ्याच्या शेजारी? काढून मागच्या सीटवर ठेवला. गाडीतच तर होता, लांब कुठे होता?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. सीटबेल्ट! पोटात कॅमेरा चाललाय, तो एका मिनिटासाठी मागे येणार नाही, आणि बाईसाहेबांनी नियम पाळला. जगात दुसऱ्या कोणाला हे सुचलं नसतं. आणि वर घरी येऊन खोटं सांगितलं, आम्हाला, ज्यांनी तिच्यासाठी नाक दाबून ते औषध तयार केलं होतं. नर्सने येऊन मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले नाही.

गचक्याने माझा आवाज खाली येईपर्यंत वाट पाहिली. मग मला म्हणाला, "हे बघा, कॅप्सूल वाईट नाही. लहान आतड्यात माझी नळी पोचत नाही, तिथे मी स्वतः कॅप्सूलच देतो. कोणाच्या आतड्यात नळी पुढे जातच नसेल, तरी तीच देतो. पण ती फक्त बघते. तिला थांबवता येत नाही, मागे आणता येत नाही, काही शंका आली तर तुकडा काढता येत नाही. नळीला डोळा आहे आणि हातही आहे. कॅप्सूलमध्ये काही दिसलं, तर शेवटी नळीच घालावी लागते. हे त्यांनी आधीच सांगायला हवं होतं."

"मग कर," ताई म्हणाली. "पण मला झोपवायचं नाही."

"मॅडम, थोडं औषध घ्या, दुखेल."

"दुखू दे. मी बघणार आहे."

हा हट्ट त्याने कसा मान्य केला देव जाणे. आतडं साफ करणारं ते औषध पुन्हा पाजून दुसऱ्या दिवशी तिला अगदी हलकं औषध दिलं, पडदा तिला दिसेल असा वळवला, आणि ती गप्प पडून राहावी म्हणून मला तिच्या डोक्याशी उभं केलं. पडद्यावर गुलाबी, ओलसर बोगदा उघडला. ताईने माझा हात धरला होता. हाडं मोडतील असा.

"वळण आलंय," ताई म्हणाली. "घाई करू नकोस."

"हो मॅडम."

"भिंतीला घासतोयस."

"हो मॅडम." त्याची नजर पडद्यावरून हलली नाही. हात इतके शांत होते की मला त्या जुन्या हिसक्यांवर हसल्याची लाज वाटली. पण त्या वळणावर तो थांबला आणि थांबलेलाच राहिला. बोगद्याच्या एका बाजूला काहीतरी वेडंवाकडं, फुलकोबीसारखं उगवलेलं होतं, मधूनच रक्त पाझरत होतं.

"का थांबलास?"

"बघतोय."

"अरे, मी किती वर्षं शेजारी बसतेय. माणूस असा गप्प झाला की मला कळतं."

त्याने जपून त्या वाढीच्या बाजूने नळी पुढे नेली, अगदी शेवटपर्यंत, म्हणजे मोठं आतडं जिथे सुरू होतं तिथवर. तिथे तो छोटा पॉलिप होता, वाटाण्याएवढा. त्याने नळीतूनच तारेचा फास टाकला, आवळला, आणि पॉलिप सुटला. ताईला कळलंही नाही. "निघाला?" तिने विचारलं. "निघाला," तो म्हणाला. परत येताना वळणावरच्या त्या गाठीचे त्याने बारीक तुकडे काढून घेतले, तपासायला. ती गाठ आतड्याच्या शेवटच्या भागात होती. कॅप्सूलचा जो शेवट, तो नळीचा पहिलाच टप्पा. पट्टा मागच्या सीटवर पडलेला असताना कॅमेरा तिथूनच गेला होता.

तुकड्यांचा निकाल कॅन्सर असा आला.

ताईने गचक्याला विचारलं, "मी मागच्या वर्षी तुझ्याकडे आले असते तर?"

"मॅडम, आता ते..."

"विचारलं ते सांग. तू नापास झालास तेव्हा मी तुला गोड बोलून घरी पाठवलं होतं का?"

त्याने चष्मा काढून पुसला. "बहुतेक तेव्हा तोही फासात निघाला असता. त्या दुसऱ्यासारखा."

भाऊजी उठून बाहेर गेले. मी नाही रडले. मला इतका राग आला होता की रडायला जागाच नव्हती. तिच्यावर, सेंटरवर, त्या हसणाऱ्या बाईच्या चित्रावर, मास्तरांच्या परीक्षेवरसुद्धा. ते मास्तर बिचारे पास झाले होते आणि मला त्याचाही राग आला.

ऑपरेशन झालं. आतड्याचा तेवढा भाग कापून दोन टोकं जोडली. जवळच्या काही गाठींपर्यंत रोग गेला होता, म्हणून पुढे बरेच महिने औषधं घ्यावी लागणार होती. जगेल का? सर्जन म्हणाले, आशा चांगली आहे. आशा! वर्षापूर्वी आशेची गरजच नव्हती. लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, "वाचल्या हो, नशीब." मी दात-ओठ खाऊन बसायचे.

ताई जरा उठून बसायला लागली त्या दिवशी गचका वॉर्डात आला. पट्टी बघितली, मग माझ्याकडे वळला. "आता तुमचं. सख्ख्या बहिणीला हा आजार निघाला म्हणजे तुम्हालाही धोका जास्त. काही त्रास नसला तरी कोलोनोस्कोपी करून घ्यायची. पुढच्या आठवड्यात या."

मी मान डोलावली. आणि मग, देवाशपथ सांगते, मला कळायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "डॉक्टर, मला ती कॅप्सूल नाही का चालणार?"

भाऊजी फरशीकडे बघत होते. मला वाटलं, ताई आता मला धुऊन काढणार, सगळं हॉस्पिटल गोळा होणार. व्हायलाच हवं होतं. पण ती ओरडली नाही. टाक्यांवर हात दाबून माझ्याकडे वळली.

"का गं?" तिने विचारलं.

"भीती वाटते," मी म्हटलं.

"मलाही भीतीच वाटत होती." तिचा आवाज मी एवढा बारीक कधी ऐकला नव्हता. "याचे हात, ते गाडीचे गचके, काही नाही. मला लाज वाटत होती आणि भीती वाटत होती. ते बोलायचं नव्हतं म्हणून त्या पोरावर ढकललं."

गचका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा होता. मला तिला मिठी मारावीशी वाटली आणि एक थोबाडीतही द्यावीशी वाटली. एवढंच होतं तर वर्षापूर्वी बोलली असतीस ना, बाई! मी हात धरून बसले असते.

तोवर ताईने स्वतःला सावरलं होतं. "अरे, हिची तारीख पक्की करून टाक," ती त्याला म्हणाली. "आणि ही फोन करून वेळ बदलायला लागली तर ऐकू नकोस. फोनवर गोड बोलून वेळा बदलण्यात ही पटाईत आहे, तेच काम करते ती."

मी पुढच्या मंगळवारची सकाळची वेळ घेतली.